हंपी: बाजार रिकामा झाल्यावर रथोत्सव कुणाचा?

दगडफूल

गेल्या चैत्रात तिसऱ्यांदा हंपीला जाऊन आले. पहिल्यांदा गेले होते २००९च्या जानेवारीत, नंतर २०१२मध्ये. तिन्ही वेळा एकाच रस्त्यावर उभी राहिले, आणि तिन्ही वेळा तो रस्ता वेगळा होता. ते डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय.

ज्यांनी हंपी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: विरूपाक्ष मंदिराच्या उंच गोपुरासमोरून पूर्वेला जवळजवळ पाऊण किलोमीटरचा सरळ रुंद रस्ता जातो. दोन्ही बाजूंना विजयनगरकालीन दगडी मंडपांच्या ओळी आणि टोकाला एकसंध दगडाचा भला मोठा नंदी. हाच हंपीचा बाजार. इथूनच चैत्रात रथ निघतो.

२००९मध्ये या मंडपांत माणसं राहत होती. खांबांच्या मधे विटांची भिंत, भिंतीला दार, दारावर वाळलेलं आंब्याचं तोरण. कुठे इडलीचं दुकान, कुठे सायकली भाड्याने, कुठे नुसतंच घर. माझ्या सासूबाई अक्कलकोटच्या, त्यांना कन्नड उत्तम यायचं, म्हणून आम्हाला तिथल्या लोकांशी नीट बोलता आलं. रोज पहाटे एक बाई मंडपासमोर सडा घालून रांगोळी काढायच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. ठिपके मोजताना त्यांचे ओठ हलत असायचे. रांगोळी झाली की त्या उठून शेजारच्या खांबाकडे जायच्या. खांबावर खालच्या बाजूला वीतभर उंचीची एक स्त्री कोरलेली होती. तिच्या पायांना त्या हळदीचं बोट लावायच्या आणि मगच चूल पेटवायच्या. दगडाचा तेवढाच भाग पिवळा आणि हाताने झिजून गुळगुळीत झालेला. सासूबाईंनी विचारलं, ही कोण देवी? अक्का म्हणाल्या, ठाऊक नाही, सासू लावायची म्हणून मी लावते.

२९ जुलै २०११ला तो बाजार पाडला. तीनशेहून जास्त कुटुंबं उठवली गेली. बहुतेकांना सामान हलवायला दिवसभराचीही सवड मिळाली नाही. मी २०१२ला गेले तेव्हा भिंती फोडलेल्या होत्या, विटांचे ढिगारे होते, एका मंडपात भिंतीवरचं कॅलेंडर अजून लटकत होतं. आता गेले तर सगळं साफ. मंडप मोकळे, रस्ता मोकळा, फोटो फार सुंदर येतात.

मी तो खांब शोधला. दोनदा चुकले, तिसऱ्या वेळी सापडला. पिवळा रंग गेलाय. गुळगुळीतपणा तेवढा बोटाला लागतो.

वारसा जपायला हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जपताना आपण नेमकं काय जपलं आणि काय उचलून बाहेर ठेवलं, यावर इथल्या जाणत्यांनी बोलावं असं मनापासून वाटतं.

भटकी

फार सुरेख लिहिलंयस ताई. पण मला मोकळी हंपीच आवडली, हे प्रामाणिकपणे सांगते. मी २०१८ला पहिल्यांदा गेले. संध्याकाळी त्या रस्त्यावर बसल्यावर ती नगरी किती मोठी असेल याचा अंदाज आला. दुकानांचे फलक, तारा, प्लास्टिकची छपरं असती तर ते कळलं नसतं. आपल्याकडच्या कितीतरी देवळांभोवती काय झालंय ते आपण बघतोच. मग इथे कुणीतरी ठामपणे साफ केलं तर वाईट काय?

ओळंबा

मी वास्तुरचनाकार आहे, जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो. दोन्ही बाजू माहीत आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भटकीताईंच्या बाजूने. दगडफूल, तुम्ही पाहिलेली हळद दगडाला फार काही करत नाही. त्रास देतं ते सिमेंट. दोन खांबांच्या मधे विटांची भिंत घालायची म्हणजे खांबाला खाचा पाडायच्या, लोखंडी कड्या ठोकायच्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि ग्रॅनाइटलासुद्धा चीर पाडतं. वर पाण्याची टाकी ठेवली की जे छत पाचशे वर्षं फक्त स्वतःचं वजन पेलत होतं त्यावर नवा भार येतो. सांडपाण्याला वाट नसली की ते जोत्यात मुरतं. चुलीच्या काजळीखाली कोरीवकाम बुजतं. हे सगळं तिथे झालं होतं. त्या भिंती काढायलाच हव्या होत्या, आणि हे मी आजही म्हणेन.

आता दुसरी बाजू. हंपी जागतिक वारसा यादीत १९८६मध्ये आली. यादीत येण्यासाठी निकष असतात. हंपी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या निकषावर आली. पहिला मानवी प्रतिभेच्या उत्कृष्ट निर्मितीचा, तिसरा संस्कृतीची असामान्य साक्ष देण्याचा, चौथा वास्तुप्रकाराचा. जिवंत परंपरा आणि श्रद्धा यांच्याशी थेट नातं सांगणारा सहावा निकष हंपीच्या नोंदीत नाही. मला हा सगळ्या गोष्टीचा उगम वाटतो. कागदावर हंपी म्हणजे १५६५ला संपलेल्या राजधानीचे अवशेष. मग त्या अवशेषांत कुणी इडली विकत असेल तर तो अतिक्रमण करणारा, आणि कुणी रांगोळी काढत असेल तर तीही अतिक्रमण करणारीच.

पण विरूपाक्ष हा अवशेष नाही. १५६५च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरल्यावर राजधानी ओस पडली, विठ्ठल मंदिरातली पूजा थांबली, इतर मोठी देवळं सुनी झाली, पण विरूपाक्षाची पूजा चालू राहिली. पंपा ही विरूपाक्षाची पत्नी, आणि पंपाक्षेत्र म्हणून ते स्थान साम्राज्याच्याही आधीचं. हंपी हे नावच पंपावरून आलं. म्हणजे राजधानी गेली, बाजार गेला, राजे गेले, तरी जी एक गोष्ट टिकली ती देवाभोवतीच्या माणसांमुळे टिकली. नियम करताना नेमका तोच भाग हिशेबात धरला नाही.

संडूरकर

ओळंबा, शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मोबाईलवर टंकायची सवय नाही, चुका पोटात घाला.

मी मूळचा संडूरचा. संडूर हे पूर्वीचं घोरपड्यांचं मराठी संस्थान, हंपीजवळच्या होसपेट्यापासून जवळ. आमच्या घरात मराठी, दारात कन्नड. लहानपणी चैत्रात विरूपाक्ष-पंपेच्या लग्नाला आणि रथाला वडिलांबरोबर जायचो. थंडीत फलपूजेला वाङ्‌निश्चय, चैत्रात लग्न. आई म्हणायची, या देवाचं लग्न जमायला आणि लागायला आपल्यासारखेच महिने जातात.

तुम्ही सगळे मंडपांबद्दल लिहिताय, मी रात्रीबद्दल सांगतो. रथाच्या आदल्या रात्री खेड्यांतून बैलगाड्या यायच्या. आमची एका मंडपातल्या घराशी ओळख होती. ओळख म्हणजे काय, दरवर्षी तिथेच उतरायचं एवढीच. पैसे कुणी मागितले नाहीत. आम्ही जोंधळ्याच्या भाकऱ्या आणि शेंगादाण्याची चटणी घेऊन जायचो, ते अंबील द्यायचे. पोरं मंडपाच्या कट्ट्यावर ओळीने झोपायची. सकाळी रथ हलला की घरातल्या बायका कट्ट्यावरून केळी आणि खारका रथावर फेकायच्या. वर शिखराला खारीक लागली की इच्छा पुरी होते म्हणतात. माझी कधी लागली नाही, पण दरवर्षी फेकली.

आता रथ निघतो. गर्दीही होते, नाही असं नाही. गेल्या वर्षी नातवाला घेऊन गेलो. कठड्यामागे उभे राहिलो, रथ समोरून गेला, आम्ही परतलो. दुपारी दोनच्या आत होसपेट्यात जेवायला. नातू म्हणाला, आजोबा, मिरवणूक छान होती. मला कसंसंच झालं. आमच्या पिढीने कधी त्याला मिरवणूक म्हटलं नव्हतं. आम्ही लग्नाला जायचो. लग्नघरी मुक्काम असतो, पंगत असते, कुणी रुसतं, कुणी भांडतं. मुक्काम गेला आणि आम्ही वऱ्हाडी होतो ते बघे झालो.

दुसरं एक. संडूरच्या आसपासच्या तांड्यांवरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, बायका भरतकामाचे बटवे, चोळ्या, पिशव्या करतात. त्या कामाला भौगोलिक मानांकनही आहे. त्या बायका पूर्वी बाजारात कुणाच्याही कट्ट्यावर बसून विकायच्या, घरातली बाई पाणी द्यायची. आता बसलं की शिट्टी वाजते.

दगडफूल

काका, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल किती आभार मानू. मुक्काम हा शब्द मला सापडत नव्हता, तो तुम्ही दिलात.

पायवाट

मी पुण्याहून गट घेऊन हंपीला जातो, चौदा वर्षं झाली. पोट त्यावर आहे, त्यामुळे मी पर्यटनाच्या बाजूचाच माणूस आहे हे आधी सांगतो.

बाजाराबद्दल बोलताना नदीपलीकडे काय झालं तेही बघायला हवं. विरूपापुर गड्डी हे तुंगभद्रेतलं बेट. तिथे भाताच्या शेतांच्या कडेने परदेशी पर्यटकांसाठी झोपड्या, कॅफे, गाद्या टाकलेली उपाहारगृहं उभी राहिली. बाजारातल्या घरांशी याची तुलना होऊच शकत नाही, तिथलं बांधकाम सरळसरळ धंद्यासाठी होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, फेब्रुवारी २०२०मध्ये निकाल लागला आणि मार्चमध्ये ते पाडलं. माझं मत विचाराल तर योग्य झालं.

पण पुढे काय झालं? धंदा थांबला नाही, सरकला. सणापूरच्या बाजूला शेतात खोल्या उठल्या. नियमांची रेषा जिथे संपते तिथून पुढे बांधकाम सुरू होतं. पलीकडच्या शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली, चालवणारा बाहेरचा, आणि शेतकऱ्याचा मुलगा तिथे वेटर. भात लावायला माणूस मिळत नाही अशी तक्रार मी तिथे दर पावसाळ्यात ऐकतो. विजयनगरच्या काळात खणलेल्या कालव्यांचं पाणी आजही हंपीच्या केळीबागांना मिळतं, हे पर्यटकांना सांगितलं की ते थक्क होतात. कालवा पाचशे वर्षं चालतोय याचा अर्थ दरवर्षी कुणीतरी त्यातला गाळ काढलाय. त्या हातांचं पुढे काय होतंय याकडे कुणाचं लक्ष आहे असं मला दिसत नाही. ओळंबा, तुमच्या निकषांत कालव्यातला गाळ कुठे बसतो?

आणि एक कबुली. माझ्या कार्यक्रमात विरूपाक्षासाठी एक तास आहे. संडूरकर काकांचं वाचून मला तो तास टोचायला लागलाय.

ओळंबा

पायवाट, प्रश्न रास्त आहे. गाळ कुठेच बसत नाही. १९९९मध्ये हंपी धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली ती नदीपलीकडच्या आनेगुंदी गावाजवळ आणि बाजाराजवळ चाललेल्या पुलांच्या बांधकामामुळे. त्यानंतर २००२चा कायदा आला, हंपी जागतिक वारसा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण झालं, २००६मध्ये हंपी त्या यादीतून बाहेर आली. प्राधिकरणाच्या हद्दीत २३६ चौरस किलोमीटर आणि २९ गावं आहेत. २९ गावं म्हणजे शेतं, कालवे, जत्रा, ग्रामदेवता, स्मशानं, सगळं आलं. एवढा मोठा टापू एकत्र धरला ही कल्पना चांगलीच होती. पण स्मारकाचं संरक्षण करणारा विभाग वेगळा, नियोजन करणारा वेगळा, देवस्थान बघणारा वेगळा, पर्यटनाचा तर आणखीनच वेगळा. गावकऱ्याला न्हाणीघर बांधायचं असलं तरी त्याने कुणाकडे जायचं हे त्याला कळत नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट, हा देशभराचा नियम. शहरातल्या एकट्या स्मारकाला तो लागू करणं वेगळं. जिथे दर शंभर पावलांवर स्मारक आहे तिथे अख्खं गावच मनाईत येतं.

बाजाराबाबत माझं म्हणणं एवढंच: भिंती काढायच्या होत्या, माणसं चालत येऊ शकतील एवढ्या अंतरावर ठेवायची होती. उठवलेल्यांना जिथे जागा दिली ते कड्डिरामपुरा चार किलोमीटरवर आहे. कागदावर चार किलोमीटर काहीच नाही. पण पहाटेच्या आरतीला येणाऱ्या म्हातारीला ते फार आहेत.

गोकायामा

जपानमध्ये आठ वर्षं आहे. माझ्या घरापासून शिराकावा-गो दोन तासांवर, त्यामुळे तिथे वरचेवर जाणं होतं. हा धागा वाचताना सतत तिथलं ओगिमाची गाव डोळ्यांसमोर येत होतं.

तिथली उंच गवती छपरांची घरं १९९५मध्ये जागतिक वारसा यादीत आली. पण गावकऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९७१मध्ये, स्वतःच संघटना केली आणि तीन नियम घातले: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. म्हणजे रेषा बाहेरच्यांनी आखायच्या आधी आतल्यांनी आखली. छप्पर बदलायचं तर शे-दोनशे माणसं जमून एका दिवसात एक बाजू शाकारतात. त्याला ते युई म्हणतात, आपल्याकडच्या इर्जिकीसारखं. आज तू माझ्या छपरावर, उद्या मी तुझ्या.

तिथेही सगळं गोड नाही. बरीच घरं आता खानावळी, दुकानं नाहीतर मुक्कामाच्या खोल्या झाली आहेत. तरुण माणसं कमी, त्यामुळे छपराचं काम पुष्कळदा कंत्राटी कारागिरांकडे जातं. हिवाळ्यातली रोषणाई बघायला इतकी झुंबड उडायची की २०१९पासून आधी नोंदणी केल्याशिवाय जाता येत नाही. पण गर्दी आवरायची कशी हे ठरवणाऱ्यांत गावकरी आहेत. शेजारच्या आजी मला म्हणाल्या होत्या, घरात राहणारं माणूस नसलं तर छपराला धूर मिळत नाही, मग कीड लागते. तिथे चूल पेटती असणं हाच छपराच्या देखभालीचा भाग आहे. हंपीत चुलीने दगड काळा केला, इथे चुलीनेच घर जगतं. दोन्ही ठिकाणी एकच नियम लावून चालणार नाही हे मला त्या दिवशी उमगलं.

भटकी

सगळं वाचलं. माझं मत पुरतं बदललेलं नाही, पण मी ज्याला मोकळी हंपी म्हणत होते ती कुणाच्या तरी घरावर उभी आहे हे मला माहीत नव्हतं. तिथल्या माहितीफलकांवर कृष्णदेवरायाचं नाव वाचल्याचं आठवतं. २०११बद्दल वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

येत्या डिसेंबरात आईला घेऊन जायचा विचार आहे. कुठे राहावं? काय करावं म्हणजे निदान संडूरकर काकांना कसंसं होणार नाही?

संडूरकर

बाळ, तुम्ही या एवढंच पुरे. जमल्यास फलपूजेच्या सुमाराला या. चैत्रातल्यापेक्षा गर्दी कमी आणि आईला ऊन लागणार नाही. तिथी पंचांगात बघा आणि देवळात फोनवर विचारून घ्या. रात्री तिथेच राहा. होसपेट्याला पळू नका.

पायवाट

आनेगुंदीला राहा. राजधानी हंपीला वसायच्या आधीचं ते गाव, विजयनगरच्या राजघराण्याचे वंशज अजून तिथे राहतात. किष्किंधा ट्रस्टने तिथे जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली आहेत, आणि गावातल्या बायका केळीच्या खोडाच्या धाग्यापासून दोऱ्या, टोपल्या, पिशव्या वळतात. केळीचं खोड घड काढल्यावर टाकूनच द्यायचं असतं, म्हणजे शेती चालू राहिली तरच हे काम चालतं. मला हे उदाहरण म्हणूनच आवडतं. आई चढू शकत असतील तर अंजनाद्री टेकडीच्या ५७५ पायऱ्या पहाटे चढा. वरून नदी, भात, केळी आणि दगड एकाच नजरेत येतात. नाही जमलं तर गावातल्या रंगनाथाच्या देवळापाशी बसा.

आणि वाटाड्या स्थानिकच घ्या. त्याला फक्त राजांबद्दल नका विचारू, त्याचं घर कुठे होतं तेही विचारा. मी यंदापासून गटाचा एक मुक्काम वाढवतोय, संध्याकाळच्या आणि पहाटेच्या पूजेसाठी.

गोकायामा

दगडफूल, एक विचारायचं राहिलं. अक्का पुन्हा भेटल्या का?

दगडफूल

भेटल्या. मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण आता लिहिते.

देवळासमोर उदबत्त्या विकणाऱ्या एका मुलीला २००९चा फोटो दाखवला. तिने लगेच ओळखलं. रिक्षा करून कड्डिरामपुऱ्याला गेलो. दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. अक्का थकल्या आहेत, गुडघे गेलेत. सासूबाई आता नाहीत हे सांगितलं तेव्हा माझा हात बराच वेळ हातात धरून बसल्या. जागा मिळायलाच किती वर्षं गेली, तोवर पत्र्याखाली कसे दिवस काढले, ते सांगितलं. राग होता, पण शांतपणे बोलत होत्या. मुलगा होसपेट्याला कामाला जातो. नात शाळेत पहिली येते, ते मात्र दोनदा सांगितलं.

दारात रांगोळी होती, छोटी. मी खांबाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, रथाच्या दिवशी मुलगा गाडीवरून नेतो तेव्हा पदराच्या टोकाला हळद बांधून नेते. पण तिथे पहारेकरी असतो. तो चांगला पोरगा आहे, पण त्याची नोकरी जायला नको, म्हणून लांबूनच हात जोडते.

त्यांच्या नातीने मला मग एक वही दाखवली. अक्कांच्या सगळ्या रांगोळ्या तिने ठिपके मोजून उतरवून घेतल्या आहेत. प्रत्येकीखाली सण लिहिलाय आणि कन्नडमध्ये अक्कांनी सांगितलेलं काहीबाही. ६४ पानं भरली आहेत. रथोत्सवाच्या आदल्या दिवशीची रांगोळी दोन पानांवर पसरलीय, कारण ती रस्त्यावर काढायची असते आणि दारात मावत नाही. नात म्हणाली, मी ही कधी पूर्ण काढलेली पाहिली नाही.

भटकी, तू डिसेंबरात जाशील तेव्हा मला आधी कळव. त्या मुलीला रांगोळीचे चांगले रंग आणि एक जाड वही पाठवायची आहे.